सरावाच्या साहित्याला एकच पुरवठादार का? संरक्षणमंत्र्यांना एका निवृत्त उस्तादाचे खुले पत्र

माननीय श्री. राजनाथ सिंह, संरक्षणमंत्री, भारत सरकार,
तसेच संरक्षण सचिव आणि मंत्रालयाच्या संपादन विभागाचे महासंचालक यांस,

सविनय नमस्कार.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची सहा वर्षे एका प्रशिक्षण केंद्रात रंगरुटांना रायफल शिकवण्यात गेली. सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावे आहेत. अपशिंगे मिलिटरीचे तर नावच तसे पडले आहे. माझ्या घरातूनही दोघे माझ्या आधी गेले, आणि २०२३ मध्ये माझा पुतण्या अग्निवीर म्हणून भरती झाला. त्यामुळे फौजेत मुलांना काय शिकवले जाते आणि कशावर शिकवले जाते, हा विषय निवृत्तीनंतरही माझ्या घरातून गेलेला नाही. खरेदीच्या फायलींचा मी जाणकार नाही, पण त्या फायली अडल्या की मैदानावर काय घडते ते मी उभ्याने पाहिले आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि जो कर या खरेदीला जातो तो भरणाऱ्या सर्वांनी ते वाचावे म्हणून उघडपणे लिहितो आहे.

निमित्त असे की, महसुली खरेदीसाठीची, म्हणजे सुटे भाग, देखभाल अशा चालू खर्चाच्या खरेदीसाठीची, नवी संरक्षण खरेदी नियमावली १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वर्षाला सुमारे एक लाख कोटी रुपयांची खरेदी तिच्याखाली येते. वस्तू देशात विकसित करणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत आणि विशेष परिस्थितीत आणखी पाच वर्षे मागणीची हमी देण्याची तरतूद तिच्यात आहे. भांडवली खरेदीसाठीच्या २०२० च्या संपादन कार्यपद्धतीचा फेरविचारही आपल्या मंत्रालयाने हाती घेतला. देशी उद्योगाला हमी देण्याला माझा विरोध नाही. नवे काही घडवायला पैसा आणि वेळ घालणाऱ्याला उद्याची खात्री हवीच. परंतु प्रशिक्षणाच्या साहित्यापुरते विचाराल, तर या हमीमागे पुरवठादाराने काय बांधून दिले पाहिजे हे तितक्याच ठळकपणे लिहिलेले नसेल, तर आज पीएसीवर, म्हणजे ‘ही वस्तू फक्त हीच कंपनी बनवते’ अशा प्रमाणपत्रावर, होणारी एकाच पुरवठादाराची खरेदी उद्या दहा वर्षांची होईल, अशी मला मनापासून भीती वाटते.

ही भीती कुठून आली ते सांगतो. आमच्या केंद्रात संगणकीकृत चांदमारीचे यंत्र आले, तेव्हा त्यावर शिकलेल्या पहिल्या तुकडीचा उस्ताद मीच होतो. भिंतीएवढ्या पडद्यावर लक्ष्य दिसते, रायफलीत बसवलेल्या लेझरने नेम कुठे लागला ते कळते, दाबलेल्या हवेच्या जोरावर खांद्याला धक्का बसतो, आणि ट्रिगर दाबताना मुलाची नळी किती हलली हे उस्तादाच्या संगणकावर रेषेने उमटते. यंत्र चांगले होते. एखादा मुलगा गोळी सुटण्याआधीच डोळा मिटतो आहे, हे ओळखायला मला रेंजवर दोन दिवस लागत, ते इथे अर्ध्या तासात दिसे. गोळ्या वाचत आणि मुलाची भीतीही लवकर मोडे.

तिसऱ्या वर्षी आठपैकी पाच रायफलींतला हवेचा धक्का बंद पडला आणि पाठोपाठ संगणकप्रणालीच्या परवान्याची मुदत संपली. यंत्राची खरेदी अशाच पीएसीवर झाली होती, म्हणजे दुसरी कंपनी चालणारच नव्हती. त्यामुळे देखभाल तिच्याकडे, सुटे भाग तिचे आणि भावही तिचाच. कंपनीने देखभाल कराराचा नवा दर कळवला, तो आधीच्या जवळपास दुप्पट होता. वित्त शाखेने रास्त प्रश्न विचारला की, हा दर योग्य आहे हे कशावरून? याला उत्तरच नव्हते, कारण शेजारी ठेवून पाहायला दुसरा दर अस्तित्वात नव्हता. फाईल वर गेली, शेरा घेऊन खाली आली, पुन्हा वर गेली. पुण्यातला एक यंत्रदुरुस्तीवाला हवेची झडप बदलून द्यायला तयार होता, पण पेटी उघडली तर हमी रद्द, असे कलम होते. यंत्र अकरा आठवडे झाकून राहिले. कोणी चोरी केली असे मला म्हणायचे नाही. प्रत्येकाने आपापला नियम पाळला, आणि तरीही एक संपूर्ण तुकडी त्या यंत्राला हात न लावता केंद्रातून बाहेर पडली.

आता या अकरा आठवड्यांचे वजन पाहा. अग्निवीराचे प्रशिक्षण सुमारे सहा महिन्यांचे असते. आमच्या वेळी ते याहून बरेच लांब होते आणि एखादा महिना वाया गेला तर पुढे भरून काढता येई. आज सहा महिन्यांत अकरा आठवडे गेले, तर ते कशातून भरून काढायचे? चार वर्षांच्या सेवेत ते पुन्हा कधी मिळायचे? सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याच मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा, म्हणजे खऱ्यासारखा सराव देणाऱ्या यंत्रांचा, वापर वाढवण्याची रूपरेषा जाहीर केली. वाहन चालवण्यापासून शस्त्रे हाताळण्यापर्यंतचे शिक्षण त्यात आले. म्हणजे येत्या काळात रंगरुटाचा जास्तीत जास्त वेळ अशा यंत्रांपुढे जाणार आहे. यंत्र बंद पडले की शिक्षण बंद पडेल, इतके आपण त्यांच्यावर विसंबणार आहोत.

एकाच विक्रेत्याकडून खरेदी करूच नये, असे नियम म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला १६६ वा नियम तीन प्रसंगी तशी मुभा देतो. वस्तू खरोखर एकच उत्पादक बनवत असेल तेव्हा, तातडीची गरज असेल तेव्हा, आणि आधीच्या यंत्राशी जुळणारे यंत्र किंवा भाग हवे असतील तेव्हा. तिन्ही कारणे खरी आहेत. सीमेवर प्रसंग उभा असताना निविदेची मुदत मोजत बसावे, असे कोणता फौजी म्हणेल? परंतु सरावाचे यंत्र तातडीचे क्वचितच असते. ते यंत्र लागणार हे दोन-तीन वर्षे आधी सर्वांना माहीत असते. फाईल इतकी रेंगाळते की शेवटी ती तातडीची होते, आणि मग तातडीच्या नावाखाली स्पर्धा वगळली जाते. ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार ‘जुळणाऱ्या यंत्रा’च्या कारणाबद्दल आहे, आणि माझ्या मते सगळ्यात खोल गाठ इथेच आहे. पहिली खरेदी लहान असते, कधी तर केवळ चाचणीसाठी असते. नंतर दुसऱ्या केंद्राला हवे असते तेव्हा ‘पहिल्याशी जुळले पाहिजे’ म्हणून तेच, आणि तिसऱ्या वेळी ‘दोन ठिकाणी हेच आहे’ म्हणून पुन्हा तेच. एका छोट्या मागणीतून संपूर्ण दलाची निवड होऊन जाते आणि ती निवड कोणत्याही एका टेबलावर विचारपूर्वक झालेली नसते. विमानाच्या आणि रणगाड्याच्या सिम्युलेटरबाबत हे आणखी कठीण आहे. विमान खऱ्यासारखे वळावे, थरथरावे, थांबावे यासाठी मूळ उत्पादकाकडची उड्डाणाची आकडेवारी लागते. ती विमानासोबत विकत घेतली नाही, तर पुढे सिम्युलेटर कोण बनवणार हे मूळ उत्पादकच ठरवतो. विमानाच्या सौद्यात शेकडो कोटींची घासाघीस करताना त्या आकडेवारीचा हक्क कागदावर आला की नाही, हे कोण तपासते?

तिसरी तक्रार ही की, कित्येकदा निविदा दिसायला खुली असते आणि असते मात्र एकासाठीच. यंत्राची लांबी, पडद्याचा आकार, वजन, अगदी जोडणीचा प्रकारसुद्धा एखाद्या माहितीपत्रकातून उतरवून घ्यावा तसा अटींत येतो. दुसरा कोणी उतरला तर तो तांत्रिक छाननीत बाद होतो, आणि उरलेला एकटा ‘स्पर्धेतून’ निवडला गेला अशी नोंद होते. अट यंत्राच्या मापावर नको, मुलाला काय यायला हवे यावर हवी. तीनशे मीटरवर पाच गोळ्यांचा गट किती इंचांत आला पाहिजे हे लिहा, आणि त्यासाठी कोणता पडदा लावायचा ते बनवणाऱ्याला ठरवू द्या.

चौथी तक्रार थोडक्यात सांगतो. एकाच पुरवठादाराकडून का घेतले, हे मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाला विचारले. यंत्राची क्षमता मी विचारली नव्हती, फक्त कारण विचारले होते. व्यापारी गोपनीयतेचे कलम लावून अर्ज निकाली काढला गेला. नामनिर्देशनावर, म्हणजे निविदेविना थेट नाव ठरवून, दिलेल्या कामांबाबत केंद्रीय दक्षता आयोगाने ५ जुलै २००७ रोजीच परिपत्रक काढले होते. मेरठ महापालिकेच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार त्यात होता. सार्वजनिक करार सामान्यतः निविदेनेच द्यावेत आणि अपवाद खरोखर अपवाद असावा, असा त्याचा आशय. अपवादाचे कारण लोकांना कळणार नसेल, तर तो अपवाद आहे की रोजची रीत, हे ओळखायचे कसे?

महोदय, ही गोष्ट नेमबाजीच्या यंत्रापुरती नाही. हवाई दलाच्या प्रशिक्षण विमानांचा इतिहास आपल्यासमोर आहे. एचपीटी-३२ ‘दीपक’ या विमानावर हवाई दलाचे नवे वैमानिक पहिले धडे घेत. ते सरकारी कंपनीने बनवलेले होते आणि त्याला पर्याय नव्हता. उडताना इंजिन बंद पडण्याची तक्रार वर्षानुवर्षे राहिली. १७ विमाने कोसळली आणि १९ वैमानिक गेले. जुलै २००९ मधल्या अपघातानंतर हा ताफा जमिनीवर आणला गेला, तेव्हा पुढच्या टप्प्याच्या ‘किरण’ जेटवरच नवख्यांना पहिले उड्डाण शिकवण्याची वेळ आली, कारण हाताशी दुसरे काही ठेवलेलेच नव्हते. ‘किरण’ची जागा घ्यायचे ‘सितारा’ हे विमानही त्याच एका कंपनीवर सोपवले गेले. त्याने मार्च २००३ मध्ये पहिले उड्डाण केले, आणि २०२५ मध्ये त्याला ‘यशस’ हे नवे नाव मिळाले तरी ते हवाई दलाच्या प्रशिक्षणात आलेले नव्हते. पुरवठादार एकच असणे हा धोका परदेशी कंपनीपुरता किंवा खासगी कंपनीपुरता नाही. आपलीच सरकारी कंपनी असली तरी तिला शेजारी कोणी नसले, तर उशिराची किंमत वैमानिक मोजतो.

प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, ही शिफारस ला फॉन्टेन समितीने १९८० च्या दशकात केली. ६६ ‘हॉक’ विमानांचा करार व्हायला २००४ साल उजाडले. या लांबलेल्या काळात मुख्य प्रतिस्पर्धी ‘अल्फा जेट’चे उत्पादनच बंद झाले होते. निर्णय लांबला की स्पर्धा आपोआप संपते, हे मी वर सरावाच्या यंत्रांबद्दल लिहिले तेच इथे मोठ्या आकारात घडले. मधल्या काळात ‘किरण’वरून उठलेला तरुण थेट मिग-२१ सारख्या वेगवान विमानात बसत होता. मुंबईच्या एका आईने २००१ मध्ये आपला वैमानिक मुलगा मिग-२१ च्या अपघातात गमावला आणि पुढे कित्येक वर्षे ती या प्रश्नावर सरकारची दारे ठोठावत राहिली. त्या वर्षांत वर्तमानपत्रांतून तिच्याविषयी वाचताना आमच्या पलटणीतली माणसे गप्प होत. २०१० मध्ये आणखी ५७ ‘हॉक’ घेण्याचे ठरले, आणि मे २०२३ मध्ये सीबीआयने याच विमानाच्या व्यवहारात रोल्स-रॉइस आणि इतरांवर गुन्हा नोंदवला. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे मी जाणतो. पण करारानंतर जवळपास वीस वर्षांनी गुन्हा नोंदला जावा, याने देशाच्या हाती काय लागते?

खुली निविदा हा सगळ्यावर उपाय आहे असाही माझा दावा नाही. ‘दीपक’च्या जागी आलेले स्वित्झर्लंडचे ‘पिलाटस’ विमान स्पर्धेतूनच निवडले गेले. मे २०१२ मध्ये ७५ विमानांचा सुमारे २,९०० कोटींचा करार झाला. २०१९ मध्ये त्यातही दलालीच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला. कॅगच्या अहवालानुसार २०१३ ते २०२१ या काळात ६४ पैकी ३८ विमानांत इंजिनातून तेल गळण्याचे १९१ प्रसंग घडले. म्हणजे स्पर्धा झाली तरी दोष राहू शकतो. फरक इतकाच, पण तो मोठा आहे, की तिथे इतर स्पर्धक होते, त्यांचे दर नोंदलेले होते, हरलेल्या कोरियन कंपनीने आक्षेप घेतला तो सर्वांना कळला, आणि चौकशी करणाऱ्याला ताडून पाहायला कागद होते. एकट्याच्या खरेदीत असा कागद तयारच होत नाही.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी आपण नाशिकला आलात आणि एचटीटी-४० या देशी प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन केलेत. महाराष्ट्रातला माणूस म्हणून मला त्याचा अभिमान वाटला. २०२३ मध्ये ७० विमानांसाठी ६,८२८ कोटी मंजूर झाले. हे विमान उत्तम ठरावे अशीच माझी प्रार्थना आहे. परंतु पहिल्या टप्प्याचा विद्यार्थी यापुढे प्रामुख्याने एकाच कंपनीच्या वेळापत्रकावर शिकणार असेल, तर ते वेळापत्रक आणि त्यातली दिरंगाई दर सहा महिन्यांनी लोकांपुढे आली पाहिजे. कॅगच्याच अहवालात वैमानिकांची तूट २०१५ च्या सुरुवातीला ४८६ होती ती २०२१ अखेर ५९६ झाल्याची नोंद आहे. ज्या शाळेला आधीच शिक्षक आणि विमाने पुरत नाहीत, तिला आणखी एका उशिराचा भार सोसणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो.

प्रशिक्षणाचे कोणतेही साहित्य एकाच पुरवठादाराकडून घ्यायचे ठरले, तर त्याचे लेखी कारण, किंमत आणि मंजुरी देणाऱ्याचे पद करारानंतर तीस दिवसांत मंत्रालयाने प्रसिद्ध करावे. गुप्त तांत्रिक भाग वगळावा, पण कारण वगळू नये. सरकारी कंपन्यांनाही हाच नियम लावावा.

‘दुसरा कोणी बनवत नाही’ असे प्रमाणपत्र देण्याआधी गरज जाहीर करून किमान सहा आठवडे वाट पाहावी. कोणी पुढे आलेच नाही, तर खुशाल एकाकडून घ्यावे. हे प्रमाणपत्र दोन वर्षांनी आपोआप संपावे आणि जुन्या प्रमाणपत्रावर नवी मागणी नोंदवू नये.

विमान, रणगाडा किंवा तोफ घेतानाच, म्हणजे स्पर्धक अजून दारात उभे असतानाच, सिम्युलेटरसाठी लागणारी आकडेवारी आणि ती तिसऱ्या कंपनीला देण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा. संगणकप्रणालीची मूळ प्रत सरकारच्या ताब्यात सुरक्षित ठेवावी, म्हणजे कंपनी बुडाली किंवा अडून बसली तरी यंत्र चालत राहील.

सर्वात कमी दर ठरवताना यंत्राच्या किमतीसोबत दहा वर्षांची देखभाल आणि सुट्या भागांचे दर निविदेतच मागवावेत. यंत्र बंद राहिलेल्या प्रत्येक प्रशिक्षण दिवसाचा दंड त्यात असावा. आज दंड पुरवठ्याच्या उशिराला लागतो. त्याच नेमाने तो वाया गेलेल्या दिवसालाही लागू द्या. पाच आणि पाच वर्षांची हमी द्यायचीच असेल, तर ती या अटीवर द्या.

चाचणी मंडळात त्या यंत्रावर प्रत्यक्ष शिकवणारा एक तरी हवालदार किंवा सुभेदार असावा आणि त्याचा अभिप्राय त्याच्याच शब्दांत फायलीला जोडावा. मी सहा वर्षे शिकवले. त्या काळात तीन वेगवेगळी यंत्रे आली. त्यांपैकी एकाही यंत्राच्या निवडीआधी आम्हा उस्तादांना कोणी काही विचारले नाही.

शेवटी एक प्रश्न, ज्याचे उत्तर मंत्रालयाकडे असणारच. गेल्या पाच आर्थिक वर्षांत तिन्ही दलांनी प्रशिक्षणाचे साहित्य एकाच पुरवठादाराकडून किती वेळा घेतले, त्यावर एकूण किती खर्च झाला, आणि त्यांतली किती यंत्रे आज चालू स्थितीत आहेत? हे तीन आकडे संसदेच्या येत्या अधिवेशनात पटलावर ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. पुतण्याच्या तुकडीनंतर त्याच केंद्रात पुढच्या तुकड्या दाखल झाल्या आहेत, आणि त्यांचेही आठवडे सुरू झाले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार,
जिल्हा सातारा